खळं

शुवैखच्या प्रयोगशाळेत खिडक्या उघडत नाहीत,
तरी तोझ आला की
बारीक धूळ कुठूनशी आत येतेच,
तराजूच्या काचेवर, फ्रीजच्या रबरात,
माझ्या डब्यातल्या आमटीवरही.
मी पुसते.
ह्या देशात फडक्याशिवाय शास्त्र होत नाही,
डॉक्टर हुदा म्हणतात.

अण्णा फोनवर विचारतात,
वाळूतच औषध भरायचं ना?
मग तिकडे ती फुकटच की गं!
नाही हो अण्णा.
आमची वाळू बाटलीतून येते, विमानाने,
पाण्यासारखी पातळ, नाकात झोंबणारी.
तिच्यात अमोनिया, तिच्यात साबण,
आणि रात्रभर गरगरणारा छोटा लोहचुंबक
काचेवर टकटकत राहतो.
सकाळी तळाशी पांढरा गाळ.
तो साडेपाचशे अंशांवर भाजायचा.
साबण जळून जातो
आणि तो जिथे होता ती जागा तेवढी राहते.
घावनाला जाळी पडते ना, तशी.
फक्त ही जाळी अशी की
एका केसाच्या जाडीत वीस हजार भोकं मावावीत.

त्या भोकांत औषध बसवायचं.
कोंबून नाही, भिजत ठेवून.
त्याचं त्याला आत जाऊ द्यायचं.

नमुना एक्केचाळीस
फाहाहीलकडच्या कुणा परांचीवाल्याचा.
मांडीत सळई, सळईवर पू.
नाव कागदावर काळं केलेलं,
वय चौतीस, तेवढंच वाचता येतं.
त्याचे जंतू घोसाघोसाने
धातूला चिकटून
अंगावर गोधडी ओढून बसलेले.
सलाइनमधून आलेलं औषध
गोधडीवरून ओघळून जायचं.
म्हणून हे कण,
ह्यांनी तिथेच मुक्काम करायचा
आणि आतलं दमानं सोडायचं, घोट घोट,
लेकराला चमच्याने पेज भरवावी तसं.

आठ महिने नुसते गेले.
कधी कण गुठळ्या करून बसले,
कधी पहिल्याच तासात सगळं ओकून मोकळे.
एकदा वीज गेली. एकदा मी रडले,
तेही थंड खोलीत, म्हणजे कुणी येत नाही.

मग ह्या मंगळवारी.
रोज नवी थाळी, टिकली मात्र तीच उचलून ठेवायची,
असा आमचा खेळ.
नुसत्या औषधाची टिकली दुसऱ्या दिवशीच रिकामी,
जंतू तिच्या अंगावरून चालत गेले.
कणांची टिकली नवव्या दिवशीही
आपल्याभोवती खळं धरून,
स्वच्छ, गोल,
चंद्राला पडतं तसं.
आमच्याकडे म्हणतात, लांब खळं, जवळ पाऊस.
मी पट्टी लावली. एकोणीस मिलिमीटर.
पुन्हा लावली.

इस्पितळात फोन केला,
एक्केचाळीसचं सांगायचं होतं, काय ते नीट ठरलं नव्हतं.
सिस्टर लिन्सी म्हणाली,
तो? तो फेब्रुवारीतच गेला ना गावाला.
पाय इथे ठेवून गेला.
कुठलं गाव?
ओडिशाकडचं कुठलंसं. थांब हं, बेल वाजतेय.

उणे ऐंशीच्या कपाटात, तिसऱ्या खणात,
त्याची कुपी आहे.
झाकणावर बर्फाची साय, माझ्या अक्षरात ४१.
गोठलेले, पण जिवंत.
त्याचा इकामा संपला, खोली दुसऱ्याला गेली,
आणि त्याच्या अंगातलं जे त्याला नको होतं
तेवढंच ह्या देशात राहिलं,
माझ्या राखणीला.

वहीत लिहिलं, एकोणीस.
तारीख घातली.
खाली सही करताना पेन अडलं, कागदावर धूळ होती.

बेचाळीस आज सकाळी आला.
वय सव्वीस, घोट्यात पट्टी.
ह्या वेळी झाकण उघडायच्या आधी
लिन्सीला विचारून घेतलं.
आहे, म्हणाली, वॉर्डात आहे,
आत्ताच चहा मागत होता.